तीन नंबरची शेड

पंजाबरावांच्या गोदामात पाच माणसं कामाला होती, आणि ती एकमेकांशी फार कमी बोलत. त्याचा त्यांना अभिमानच होता.

गोदाम अकोल्याच्या बाहेर, मूर्तिजापूर रस्त्याला. पत्र्याच्या तीन मोठ्या शेड, समोर वजनकाटा आणि काट्याच्या बाजूला एका खोलीचं ऑफिस. व्यापाऱ्यांची तूर आणि हरभरा तिथे पोत्यांच्या थप्प्या लावून ठेवलेला असे. वर्षाली गावंडे तिथे व्यवस्थापक म्हणून आली, त्याला आठ महिने झाले होते. ती अंजनगाव सुर्जीची, शेतकऱ्याच्या घरची, शिकली अकोल्यात. आल्या आल्या तिने उत्तमरावांना विचारलं होतं, "भाऊ, कोणत्या शेडमध्ये काय चालू हाये, ते लिहून कुठं ठेवता?"

उत्तमरावांनी उत्तर न देता स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं होतं.

उत्तमराव सत्तावन्न वर्षांचे. मालाला कीड लागू नये म्हणून गोळ्यांची धुरी देणं हे त्यांचं काम. थप्पीवर ताडपत्री घालायची, खाली गोळ्या ठेवायच्या, ताडपत्रीच्या कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबायच्या आणि शेडला कुलूप लावायचं. गोळ्यांतून विषारी गॅस सुटतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाच दिवस आत कोणी पाऊल टाकायचं नाही, मग दारं उघडून दिवसभर वारा द्यायचा. हे सगळं उत्तमराव सव्वीस वर्षं एकट्याच्या अंदाजाने करत आले होते. एक नंबरच्या शेडचं काम सुरू केलं की सांगत, "एकचं झालं." आटोपलं की सांगत, "एकचं झालं." ऐकणाऱ्याने दिवस मोजून काय ते समजून घ्यायचं.

मनोज अठ्ठावीस वर्षांचा. गेट, चाव्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे. लीलाबाई आणि पार्बताबाई झाडझूड करत, सांडलेले दाणे गोळा करून पाखडत. वर्षालीलाही हळूहळू या सगळ्याची सवय झाली. अर्ध्या शब्दात काम होतं म्हणजे माणसं मुरलेली आहेत, असं तिला वाटू लागलं.

मार्चमध्ये एक गंमत झाली. गोदामात धोक्याची पाटी एकच होती. कवटीचं चित्र असलेली, गंजलेली. ती कधीपासून एक नंबरच्या शेडवर लटकत होती, कोणाला आठवत नव्हतं. वर्षाली मनोजला जाता जाता म्हणाली, "चार पाट्या मागव." मनोजने मागे येऊन विचारलं, "कशा मागवू, मॅडम?" त्या दिवशी तो तिसऱ्यांदा काहीतरी विचारत होता. ती वैतागली. "प्रत्येक गोष्ट मले कायले विचारतं? डोकं वापर ना थोडं!"

चार दिवसांनी बाजारातून चार नव्याकोऱ्या वेताच्या पाट्या आल्या. धान्य भरायच्या. पार्बताबाईंनी एक डोक्यावर घेऊन काट्याभोवती चक्कर मारली आणि सगळे पोट धरून हसले. मनोजही हसला. पण त्या दिवसापासून त्याने विचारायचं सोडलं. धोक्याच्या पाट्या राहूनच गेल्या.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीन नंबरच्या शेडमधल्या तुरीला धुरी द्यायचं ठरलं. वर्षालीचे वडील आजारी होते, म्हणून ती सोमवारी सकाळी रजेवर अंजनगावला निघाली. निघताना म्हणाली, "भाऊ, तीनचं आजच करून टाका."

"हो," उत्तमराव म्हणाले.

त्या दिवशी गोळ्या आल्याच नाहीत. उत्तमरावांनी ते मनोजला सांगितलं. मॅडमना ते स्वतः कळवतील असं मनोजला वाटलं. मनोजला सांगितलं म्हणजे मॅडमना कळलंच, असं उत्तमरावांनी धरलं. गोळ्यांचं खोकं शनिवारी दुपारी आलं. मनोजने सही करून ते घेतलं आणि उत्तमरावांच्या हाती दिलं. त्याच संध्याकाळी उत्तमरावांनी तीन नंबरमध्ये गोळ्या ठेवल्या, कुलूप लावलं, चावी ऑफिसातल्या खिळ्याला अडकवली आणि ते घरी गेले.

रविवारी गोदाम बंद होतं.

सोमवारी वर्षाली परत आली. सकाळपासूनच ऊन पत्र्यांवर तापत होतं. दोन वाजता तीन नंबरमधली तूर भरायला गाडी येणार होती. त्याआधी आतली जागा झाडून घ्यायची होती. उत्तमराव त्या दिवशी रिद्धपूरला दर्शनाला निघाले होते. तिने फोन लावला.

"दंडवत, मॅडम." मागे बसचा घरघराट ऐकू येत होता.

"भाऊ, तीनचं झालं का?"

"झालं, झालं. तीनचं झालं."

"बरं."

पुढे पोलिसांनी या फोनची नोंद काढली. सगळं बोलणं बारा सेकंदांचं होतं.

"मनोज, तीन नंबर उघड. बायांना झाडायले सांग, दोनला गाडी लागते."

मनोजने खिळ्यावरची चावी काढली. तो दारापर्यंत गेला आणि थांबला. शनिवारचं खोकं त्याच्या डोळ्यांसमोर होतं. त्या गोळ्या तीन नंबरच्या होत्या की दुसऱ्या कशाच्या? आणि तीनच्या असतील, तर दोन दिवसांत शेड उघडायची कशी?

"मॅडम..."

"काय रे?" तिने मान वर केली नाही. ती गाडीचे कागद भरत होती.

"काई नाई."

कुलूप उघडलं, दार सरकलं आणि आतली कोंडलेली गरम हवा अंगावर आली.

"लसणावानी वास येऊन राहिला," लीलाबाई म्हणाल्या.

"मांगच्या टायमाले बी येत होता जरासा," पार्बताबाई म्हणाल्या.

लीलाबाईंनी मनोजकडे पाहिलं. "काहून रे, ताडपत्र्या तर तशाच हायेत. वारा देला ना याले?"

ताडपत्र्यांचं काही नवल नव्हतं. धुरी आटोपल्यावरही धुळीसाठी त्या चार-आठ दिवस तशाच राहत. मनोज म्हणाला, "मॅडमनं आताच उत्तमभाऊले विचारलं. झालं म्हणे."

उंबऱ्यापाशी दोन चिमण्या मरून पडल्या होत्या. अशा उन्हात चिमण्या मरतातच. पार्बताबाईंनी त्या कचऱ्यासोबत पाटीत भरल्या आणि दोघी आत गेल्या.

दोन तास त्यांनी थप्प्यांच्या कडेकडेने झाडलं. एका ठिकाणी उंदरांनी ताडपत्री कुरतडली होती. त्या भोकापाशी बरेच दाणे सांडले होते. पार्बताबाई तिथे खाली बसून ते वेचत राहिल्या.

साडेअकराला दोघी बाहेर आल्या. पार्बताबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा आधीच घेतली होती. त्यांची मुलगी आचल अमरावतीत होती, तिला नऊ दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. पार्बताबाईंनी नातीला अजून पाहिलं नव्हतं. मेथीच्या लाडवांचा डबा कापडात बांधून त्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या.

"येतो मॅडम. डोकं जड पडलं थोडं. उनानं असन."

"पाणी पिऊन जा, मावशी. उन्हात उभ्या नका राहू." वर्षालीने त्यांना तांब्या भरून दिला. चेहरा उतरलेला दिसला तिला, पण या दिवसांत कोणाचा उतरत नाही? मनोजने त्यांना मोटारसायकलवर रस्त्यापर्यंत सोडलं आणि अमरावतीच्या बसमध्ये बसवून दिलं. त्यांच्याकडे फोन नव्हता.

सव्वाबाराला लीलाबाई वजनकाट्यापाशी ओकल्या. वर्षाली धावत गेली. लीलाबाईंनी छाती धरली होती. त्यांचा श्वास वरच्यावर चालला होता, आणि त्यांच्या लुगड्याला लसणाचा कुजका वास येत होता. हा वास कशाचा असतो, ते वर्षाली पुस्तकात शिकली होती.

"मनोज! शेडमध्ये गोळ्या कधी ठेवल्या?"

मनोज धावत आला. "मॅडम, खोकं शनिवारी आलं."

"कोणतं खोकं?"

"गोळ्यांचं. मांगच्या सोमवारी आल्याच नव्हत्या. उत्तमभाऊनं तुमाले..." तो थांबला. "त्यानं तुमाले सांगतलं नाई काय?"

"मले कोणी काही सांगितलं नाही."

समोर तीन नंबरचं दार सताड उघडं होतं. मनोज तिकडे बघत म्हणाला, "मले वाटलं, तुमाले माहीत हाये."

पोती न्यायला आलेला एक छोटा टेम्पो गेटवर उभा होता. त्यात लीलाबाईंना घातलं. वर्षाली त्यांच्याजवळ बसली आणि ओरडून म्हणाली, "शेडच्या आसपास कोणाले फिरकू देऊ नको. पार्बताबाईच्या आचलले फोन लाव, तिले सांग. आत्ताच्या आत्ता."

"सांगतो."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लीलाबाईंना तपासलं, छातीला तारा लावल्या आणि वर्षालीकडे वळून विचारलं, "कशाचा गॅस?"

वर्षालीने सांगितलं.

"गोळ्या कधी ठेवल्या होत्या?"

"शनिवारी... बहुतेक शनिवारी."

"किती ठेवल्या?"

"माहीत नाही."

"या आत किती वेळ होत्या?"

"दोन तास. थोडे कमी असतील."

"तुम्ही तिथल्या कोण?"

"व्यवस्थापक," वर्षाली म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकवलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "याला उतारा नाही. हृदय आणि फुप्फुसं सांभाळायची, एवढंच हातात असतं. माणूस आधी ठीक वाटतो. डोकं दुखतं, उलटी होते, झोप येते. मग एकदम बिघडतं. आणखी कोणी होतं आत?"

"एक बाई होत्या. त्या अमरावतीला गेल्यात. निरोप दिलाय."

तरीही तिने बाहेर येऊन मनोजला फोन केला. "आचलले सांगितलं काय?"

"हो मॅडम. सांगतलं."

तिला जरा बरं वाटलं. मग ती उत्तमरावांच्या मागे लागली. त्यांचा फोन बंद होता. पंधरा-वीस वेळा तिने लावून पाहिला. पलंगावर लीलाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मधूनच त्या डोळे उघडत आणि पुटपुटत, "पारबता कुठं हाये?"

तीन वाजून गेल्यावर उत्तमरावांचाच फोन आला. मंदिरात जाताना त्यांनी तो बंद केला होता.

"भाऊ, तीनमध्ये गोळ्या कधी ठेवल्या?"

"शनवारी सांजच्या पारी. पूर्ण डोस देला. काहून?"

"मग सकाळी तुम्ही झालं कसं म्हणालात?"

"गोळ्या ठेवून झाल्या ना. तुमीच करून टाका म्हणलं होतं. तुमी इचारलं झालं का, मी म्हणलं झालं." ते थांबले. त्यांच्या मागे कोणीतरी टाळ वाजवत होतं. "मॅडम, शेड उघडली का तुमी?"

तिने सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "दोघी?" आणि पुन्हा एकदा, अगदी हळू, "दोघी गेल्या होत्या?"

फोन ठेवल्यावर वर्षालीला वाटलं, अमरावतीच्या डॉक्टरांनाही ही वेळ कळवली पाहिजे. लीलाबाईंच्या फोनमध्ये आचलचा नंबर होता. तिने तो लावला.

"आचल, मी गोदामातून वर्षाली बोलतेय. आईला कोणत्या दवाखान्यात नेलंय?"

"दवाखान्यात?" पलीकडचा आवाज गोंधळला. "आई तर घरीच हाये, ताई. मनोजभाऊचा फोन आला होता. आई पोचली की कळव म्हणे. कळवाचं राहूनच गेलं, पोट्टी रडून राहिली होती."

"आणखी काय म्हणाला तो?"

"काई नाई. आईले जरा आराम करू दे म्हणे. आई दोन वाजता आली. पोट्टीले पाहिलं, घेतलं पाच मिनिटं. मंग तिले उलटी झाली. उनानं झालं म्हणे. आता झोपली हाये. उठवू नको म्हणाली."

कॉरिडॉरमध्ये माणसं येत-जात होती. वर्षालीने भिंतीकडे तोंड केलं. नीट, भराभर आणि एकही शब्द न गाळता बोलायला हवं होतं, आणि समोर होती नऊ दिवसांची बाळंतीण.

"आचल, मी सांगते ते पूर्ण ऐक, मधे बोलू नको. तुझी आई आज सकाळी दोन तास विषारी गॅस असलेल्या शेडमध्ये होती. आमच्या चुकीनं. ते ऊन नाही. तिच्या छातीत आणि हृदयात विष गेलंय. तिला आत्ता उठव. उठली नाही तरी उचलून न्या. मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथं सांगायचं, धान्यात ठेवतात त्या गोळ्यांचा गॅस, साडेनऊ ते साडेअकरा. आता तू मला हे परत सांग."

मग आचल म्हणाली, "धान्यातल्या गोळ्यांचा गॅस. साडेनऊ ते साडेअकरा." आणि मग तिने फोन न ठेवताच हाक मारली, "आई! ओ आई! उठ वं!"

वर्षाली ते ऐकत राहिली. बाळ रडायला लागलं. कुठेतरी भांडं पडलं. हाक पुन्हा आली, पुन्हा आली. मग फोन कटला.

तिने मनोजला फोन लावला. तिचा आवाज चढला नाही. "तू आचलले काय सांगितलं होतं?"

"मॅडम, ओली बाळंतीण हाये ते. एकटीच होती घरी. भ्यायन म्हणून... मले वाटलं, आई पोचली की तीच फोन करन, मंग सांगू."

"मी विचारलं तेव्हा तू सांगितलं म्हणालास."

मनोज रडत होता. 'काय सांगितलं' हे तिने एक वाजताच विचारायला हवं होतं. सकाळी 'मॅडम' म्हणून तो थांबला होता, तेव्हा मान वर करायला हवी होती. त्याच्या आधी, मार्चमध्ये, तो माघारी येऊन 'कशा मागवू' म्हणाला होता तेव्हा. ती एकेक जागा मोजत बसली.

पार्बताबाईंना दवाखान्यात पोचवलं तेव्हा पाच वाजत आले होते. अमरावतीच्या डॉक्टरांनी शर्थ केली. मंगळवारी पहाटे पार्बताबाईंचं हृदय थांबलं. लीलाबाई अकरा दिवसांनी घरी आल्या. पुढे त्यांना दहा पावलं चाललं की दम लागायचा.

बुधवारी पंजाबरावांनी तिघांना ऑफिसात बोलावलं. उत्तमराव सोमवारी संध्याकाळी परत आल्यापासून कोणाशी बोलले नव्हते. ते खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभे राहिले. पंजाबराव साठीचे, शांत बोलणारे. त्यांनी आधी पार्बताबाईंसाठी हळहळ व्यक्त केली. मग खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "चावी तर इथंच असते. कोणीबी घेते. बाया आपल्या मनानं आत गेल्या. तसंच झालं ना?"

पंजाबराव खुर्चीत पुढे सरकले.

"पार्बताबाईच्या पोरीच्या घरच्यांचं पैशाचं मी पाहून घेईन, त्याची चिंता नाई. पण तिघांचं बोलणं एक पाहिजे. समजलं ना?"

"हो," उत्तमराव म्हणाले.

मनोजने मान हलवली.

वर्षाली म्हणाली, "मला नाही समजलं. मी काय सांगायचं, ते नीट बोला."

पंजाबराव तिच्याकडे वळले. "मॅडम, तुमी शिकलेल्या. मले काय म्हणायचं हाये, ते तुमाले समजते."

"समजतं, म्हणूनच विचारते. पार्बताबाईंनी चोरून शेड उघडली, असं मी लिहून द्यायचं का?"

"मी असं म्हणलं काय?" पंजाबराव उठले. दारात थांबून ते मनोजला म्हणाले, "उद्या ठाण्यात जायचं हाये. माझ्या गाडीत ये."

दुसऱ्या दिवशी वर्षाली एकटीच पोलीस ठाण्यात गेली. पन्नाशीचे एक हवालदार टेबलाशी बसून जबाब लिहून घेत होते. त्यांनी तिचं म्हणणं ऐकलं आणि दोन ओळी लिहून वाचून दाखवल्या, "सदर शेड सुरक्षित असल्याच्या गैरसमजुतीमुळे..."

"तसं नका लिहू, साहेब."

"मंग?"

"गैरसमज म्हटलं की दोष कोणाचाच राहत नाही. मी उत्तमरावांना काय विचारलं, ते तसंच्या तसं लिहा. ते काय म्हणाले, तेही लिहा. गोळ्या कोणत्या दिवशी ठेवल्या, हे मी विचारलं नाही, ते लिहा. शेडला वारा दिला का, ते विचारलं नाही. स्वतः जाऊन पाहिलं नाही. धोक्याची पाटी नव्हती. मनोज काहीतरी बोलायला आला होता, मी वर पाहिलं नाही. आणि शेड उघडायला मीच सांगितलं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, सारं तुमच्यावरच येईन मंग. तुमच्या मालकाची माणसं वेगळंच सांगून राहिली. जरा इचार करा."

"केला आहे. लिहा."

त्यांनी नवा कागद घेतला. तासभर लागला. तिने प्रत्येक ओळ वाचली, दोन ठिकाणी शब्द बदलून घेतले आणि सही केली.

ती बाहेर आली तेव्हा फाटकापाशी पंजाबरावांची गाडी उभी होती. काचा वर होत्या. मनोज व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. तीन दिवसांत त्याची दाढी वाढली होती. तो उठून उभा राहिला, गाडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मॅडम, मी काय सांगू?"

"तुले जे माहीत होतं, ते. अन् कधी माहीत होतं, ते."

"तुमी माझं नाव घेतलं काय?"

"हो. तू मला विचारायला आला होतास, हे सांगितलं. मी ऐकलं नाही, हेही."

त्याला आणखी काही बोलायचं होतं. या वेळी तिने घाई केली नाही, ती त्याच्याकडे बघत थांबून राहिली. पण आतून हवालदाराने त्याचं नाव पुकारलं. मनोजने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि तो आत गेला.

दार लोटलं गेलं. वर्षाली बाकावर बसली. आतून मनोजचा आवाज येत होता, खालचा, तुटक. कधी बराच वेळ काहीच नाही. शब्द मात्र कळत नव्हते. फाटकाशी गाडीची काच थोडी खाली झाली आणि आतून पंजाबराव त्या बंद दाराकडे पाहू लागले.